ईबुक की छापील पुस्तक? आधी बघा ते पुढे कोणाच्या हातात जाणार आहे

ईबुक चांगलं की कागदाचं पुस्तक, हा वाद नुसता आवडीवर घातला तर कधी संपतच नाही. एकाला कागद हाताला लागल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही, दुसऱ्याला शेकडो पुस्तकं एका हातात मावतात याचंच अप्रूप, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मी पुस्तक घेताना आधी वेगळाच प्रश्न विचारते, की माझं वाचून झाल्यावर हे कोणाकडे जाणार आहे? बहिणीला द्यायचंय, मित्रमंडळीत फिरवायचंय, मुलं मोठी झाली की वाचतील म्हणून ठेवायचंय, की मी एकटीच वाचणार आणि परत उघडणारही नाही? याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय तिथेच होतो, उरलेला निम्मा तुम्ही कुठे, कधी आणि कशासाठी वाचता त्यावर. आणि हे काही एकदाच आयुष्यभरासाठी ठरवून टाकायचं नसतं, दर पुस्तकाला नव्यानं बघायचं.

विकत घेतलं म्हणजे हातात काय आलं

छापील पुस्तक घेतलं की ती प्रत तुमची. वाचा, कोणाला द्या, विका, लायब्ररीला भेट द्या, कोणाला विचारायची गरज नाही. हे आपण गृहीतच धरतो, पण त्यासाठी कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. अमेरिकेत एका प्रकाशकानं पुस्तकावरच छापलं होतं की ठरवलेल्या किमतीपेक्षा कमीत हे विकायचं नाही, ते प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९०८ साली निकाल लागला की प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. जुन्या पुस्तकांचा सगळा व्यवहार याच विचारावर उभा आहे.

ईबुकचं तसं नाही. बटणावर 'बाय' लिहिलेलं असलं तरी बहुतेक दुकानांत तुम्हाला मिळतो तो वाचायचा परवाना, आणि तो तुमच्या अकाउंटला बांधलेला असतो. युरोपियन युनियनच्या कोर्टानं डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की वापरलेली ईबुकं छापील पुस्तकांसारखी परत विकता येणार नाहीत, त्याला हक्कधारकाची परवानगी लागेल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं आपलं ईबुकचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडायचीच बंद झाली (पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली ती गेलीच). त्याआधी २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून (ॲमेझॉनचं ईबुक वाचायचं यंत्र) परस्पर काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. कारण काहीही असो, कपाटातलं पुस्तक असं रातोरात कोणी नेऊ शकत नाही.

एवढं वाचून ईबुक नकोच असं ठरवू नका. फक्त घेताना काय मिळतंय ते माहीत असू द्या, म्हणजे नंतर 'अरे मी तुला पाठवतो ना' असं म्हणून बसाल आणि पाठवता येणार नाही असं व्हायचं नाही.

ईबुक दुसऱ्याला द्यायचं असेल तर

पहिली गोष्ट, घेण्याआधी पुस्तकाच्या माहितीत डीआरएमबद्दल काय लिहिलंय ते बघा. डीआरएम म्हणजे फाईलला लावलेलं डिजिटल कुलूप, ते असलं की फाईल कॉपी करून दुसऱ्याला दिली तरी त्याच्याकडे उघडणार नाही. काही प्रकाशक कुलूप लावतच नाहीत, टॉर हा विज्ञानकथांचा मोठा प्रकाशक २०१२ पासून तसंच विकतो, आणि अशा पुस्तकाच्या पानावर 'प्रकाशकाच्या विनंतीवरून डीआरएमशिवाय' अशा अर्थाची एक ओळ असते. ती ओळ शोधा. पण कुलूप नाही याचा अर्थ गावभर वाटायची मुभा आहे असा नाही. बऱ्याचदा अशा फाईलमध्ये घेणाऱ्याचं नाव किंवा ईमेल वॉटरमार्क म्हणून टाकलेलं असतं, काही वेळा दिसेल असं, काही वेळा आत कुठेतरी लपवलेलं, म्हणजे ती फाईल ग्रुपवर टाकली तर तुमच्या नावासकट फिरते. अशा फाईलचा खरा फायदा म्हणजे ती तुमच्या सगळ्या डिव्हाइसवर चालते आणि दुकान बंद पडलं तरी तुमच्याकडे राहते.

दुसरी वाट म्हणजे फॅमिली शेअरिंग, एकानं घेतलेलं पुस्तक घरच्यांनाही आपापल्या अकाउंटवर वाचता यावं अशी सोय. ॲपलमध्ये एका कुटुंबात सहा जण धरता येतात, गुगलच्या फॅमिली लायब्ररीतही तुम्ही आणि अजून पाच, ॲमेझॉनमध्ये दोन मोठी माणसं आणि मुलं. ऐकायला सोपं वाटतं, पण सुरू करायच्या आधी तीन गोष्टी तपासा: सगळी अकाउंट एकाच देशाची आहेत का, पेमेंटचं कार्डही त्याबरोबर शेअर होतंय का, आणि तुम्हाला हवं ते पुस्तक त्यात बसतंय का, कारण काही पुस्तकं प्रकाशकानं शेअरिंगमधून वगळलेली असतात. मैत्रिणीला द्यायला मात्र ही सोय नाही, ती घरच्यांसाठीच आहे.

काही घरांत हे सगळं न करता एकच अकाउंट सगळे वापरतात. चालतं, पण त्याची एक गंमत बघा. तुम्ही रहस्यकथा निम्मी वाचलीय, तिकडे नवऱ्यानं तीच त्याच्या फोनवर संपवली, आता तुम्ही पुस्तक उघडलं की स्क्रीनवर चौकट येते की तुम्ही या ठिकाणी आहात, पण सगळ्यात पुढे वाचलेलं ठिकाण ते आहे, तिकडे जायचं का? झोपेत 'हो' दाबलं की थेट खुनी कोण ते समोर. शिवाय तुम्ही केलेली हायलाइट्स आणि नोट्स दुसऱ्यालाही दिसतात, तुम्ही काय वाचताय ते तर दिसतंच. म्हणून एक अकाउंट वापरायचंच असेल तर एकाच वेळी एकच पुस्तक दोघांनी वाचताना सेटिंगमध्ये जाऊन सिंक, म्हणजे वाचलेलं ठिकाण सगळ्या डिव्हाइसवर जुळवणं, बंद करा, आणि ज्या पुस्तकांत मनातलं काही लिहिणार आहात ती वेगळ्या अकाउंटवर किंवा सरळ कागदावर घ्या. वाचणं ही खाजगी गोष्ट आहे, घरातल्या घरातसुद्धा.

लायब्ररीचं ईबुक हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा पर्याय. जिथल्या लायब्ररीत ही सोय आहे तिथे लिबीसारख्या ॲपवर कार्ड नंबर टाकायचा आणि पुस्तक घरबसल्या घ्यायचं, मुदत संपली की ते आपोआप परत जातं, दंडाची भानगडच नाही. फक्त फाईल आहे म्हणजे हवी तेवढ्यांना एकदम मिळेल असं समजू नका, बहुतेक ठिकाणी एक परवाना म्हणजे एका वेळी एक वाचक, त्यामुळे नवीन गाजलेल्या पुस्तकाला लांबलचक रांग असते. लायब्ररीलासुद्धा ते पुस्तक कायमचं मिळत नाही. हार्परकॉलिन्सनं २०११ मध्ये नियम केला होता की २६ वेळा दिलं गेलं की लायब्ररीनं परवाना परत विकत घ्यायचा. कागदाची प्रत फाटेपर्यंत चालते, इथे न फाटताच संपते.

आणि आता ईबुक जिथे कागदाला सरळ सरळ मागे टाकतं ती जागा, ती म्हणजे कॉपीराइट संपलेली पुस्तकं. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू केला, तिथे आज ७० हजारांच्या वर पुस्तकं फुकट आहेत. विकिस्रोतावर मराठीतली जुनी पुस्तकंही आहेत. इथली फाईल तुम्ही दहा जणांना द्या नाहीतर दहा हजार जणांना, तुमची प्रत तुमच्याकडे राहतेच आणि कोणाचं नुकसानही होत नाही. मुदतीचा हिशोब मात्र देशागणिक बदलतो, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार कमीत कमी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, भारतात ६०, बऱ्याच देशांत ७०. तेव्हा एका देशात मोकळं झालेलं पुस्तक दुसऱ्या देशात अजून बांधलेलं असू शकतं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराची वर्षं वेगळी मोजायची, हे खूप जण विसरतात.

चॅट ग्रुपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफबद्दल मला मनापासून सांगायचंय, त्या पुढे ढकलू नका. लेखकाला त्यातून काहीच मिळत नाही, आणि ज्यांची पुस्तकं मुळात थोडी खपतात त्यांना हा मार सगळ्यात जास्त बसतो. द्यायचंच आहे तर आपली छापील प्रत द्या, ते पूर्ण कायदेशीर आहे आणि देणाऱ्यालाही बरं वाटतं.

रोजच्या वाचनाला काय बरं पडतं

इथे आधी फोन आणि ई-रीडर (किंडलसारखं खास पुस्तकं वाचायचं यंत्र) यांची गल्लत थांबवायला हवी, कारण 'ईबुक वाचून डोळे दुखतात' म्हणणाऱ्यातल्या बहुतेकांनी फोनवर वाचलेलं असतं. ई-रीडरच्या ई-इंक स्क्रीनमध्ये बारीक बारीक कॅप्सूलमध्ये काळे-पांढरे कण असतात, ते वर-खाली सरकून अक्षर उमटतं, आणि एकदा उमटलं की पुढचं पान येईपर्यंत त्याला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं आणि उन्हात अक्षर उलट जास्त ठळक दिसतं. फोनचं उलटं, उन्हात काही दिसत नाही आणि वर मेसेज येत राहतात. मेसेज हा डोळ्यांपेक्षा मोठा त्रास आहे. फोनवरच वाचायचं असेल तर वाचायला बसताना नोटिफिकेशन बंद करायची सवय लावा, नाहीतर तिसऱ्या पानावर तुम्ही भलतीकडेच पोचलेले असता.

रात्री अंथरुणात वाचणाऱ्यांसाठी: २०१४ साली आलेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी प्रकाश सोडणाऱ्या टॅबलेटवर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला उशीर झाला. प्रयोग फक्त १२ जणांवरचा होता आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण होता, तेव्हा त्यावरून एकदम घाबरून जायचं कारण नाही, पण रात्री उजेड अगदी कमी करा, किंवा रात्रीचं पुस्तक कागदाचंच ठेवा.

समजण्याचं काय? २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर थोडा जास्त समजतो असं दिसलं, वेळेची घाई असेल तर हा फरक वाढतो, आणि गोष्टी-कादंबऱ्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला हे अगदी पटतं. कादंबरी आपण पहिल्या पानापासून सरळ वाचत जातो, त्यामुळे ती कशावरही वाचा. पण अभ्यासाचं पुस्तक म्हणजे सारखं मागे-पुढे करणं, एक बोट आकृतीवर, दुसरं प्रश्नांच्या पानात, 'ते डावीकडच्या पानावर खाली होतं बघ' अशी आठवण, हे स्क्रीनवर जमत नाही. अभ्यासाचं कागदावर घ्या. कवितांचंही तसंच, कारण फॉन्ट मोठा केला की ओळ मध्येच तुटते आणि कवीनं जिथे थांबवलंय तिथे ती थांबत नाही. नकाशे, मोठे तक्ते, चित्रांची पुस्तकं, कॉमिक्स छोट्या ई-रीडरवर घेऊच नका.

ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, हात कापतो, जाड पुस्तक धरवत नाही, त्यांच्यासाठी मात्र ईबुक ही सोय नाही, गरज आहे. अक्षर हवं तेवढं मोठं, ओळींतलं अंतर वाढवता येतं, पान एका बोटानं उलटतं, आणि फाईल नीट बनवलेली असेल तर फोन ती वाचूनही दाखवतो. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकांच्या अशा प्रती करणं सोपं व्हावं म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला आणि तो मान्य करणारा भारत पहिला देश होता. घरात कोणी वयस्कर माणसानं वाचणं सोडलं असेल तर 'आता आवड राहिली नाही' असं म्हणून सोडून देऊ नका, आधी एकदा मोठ्या अक्षरात पुस्तक उघडून त्यांच्या हातात द्या.

देवनागरीतलं ईबुक घेताना आधी फुकटचं सॅम्पल उतरवून बघाच. जोडाक्षरं तुटलीत का, रफार भलत्या अक्षरावर गेलाय का, फॉन्ट वाढवल्यावर ओळी नीट बसतात का. पीडीएफ असेल तर एक सोपी परीक्षा आहे: एखाद्या ओळीवर बोट दाबून ती कॉपी करा आणि नोट्समध्ये पेस्ट करा. तीच ओळ आली तर फाईल युनिकोडमध्ये आहे, शोधता येईल, शब्दकोश चालेल, वाचून दाखवता येईल. भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं आली तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे, डोळ्यांना दिसतो पण मशीनला कळत नाही. आणि ओळ निवडताच आली नाही तर ते नुसते पानांचे फोटो आहेत. पीडीएफचं पान फोनच्या रुंदीत मावत नाही, सारखं झूम करून डावी-उजवीकडे सरकवावं लागतं, म्हणून ईपब मिळत असेल तर तेच घ्या, त्यात मजकूर स्क्रीनप्रमाणे वाहतो.

या वाहण्याचा एक तोटाही आहे. चार जण मिळून एक पुस्तक वाचत असाल आणि कोणी म्हणालं 'पान १४३ काढा', तर ज्यानं फॉन्ट मोठा केलाय त्याचं १४३ भलतंच असतं. काही ईबुकांत छापील प्रतीचे पानांक दिलेले असतात, नसतील तर प्रकरणाचं नाव आणि त्या वाक्यातले दोन-तीन शब्द सांगा, ईबुकवाले सर्च करतील आणि कागदवाले शोधतील.

कागदाची पुस्तकं द्यायची आणि परतही मिळवायची

पुस्तक गेलं ते गेलं, ही तक्रार सगळ्यांचीच असते, पण घेणारा बहुतेक वेळा वाईट नसतो, तो विसरतो. त्यामुळे आठवणीची सोय आपणच करायची. पुस्तक देताना घेणाऱ्याच्या हातात पुस्तक दिसेल असा फोटो काढा आणि तोच फोटो त्याला पाठवून द्या, त्यात तारीखही आपोआप येते आणि वहीत लिहीत बसायला नको. वही ठेवायला आवडत असेल तर उत्तमच: नाव, पुस्तक, तारीख, एवढे तीन रकाने पुरतात. 'कधीही दे' म्हणू नका, महिन्यानं मी विचारीन असं आधीच सांगा, मग विचारताना संकोच वाटत नाही.

जे पुस्तक परत मिळालं नाही तर जीव तळमळेल, म्हणजे कोणाच्या हातची सही असलेलं, आउट ऑफ प्रिंट झालेलं, ते देऊच नका, आणि स्पष्ट नाही म्हणा. सारखं मागितलं जाणारं पुस्तक असेल तर त्याची एक वापरलेली स्वस्त प्रत खास देण्यासाठी ठेवा. फिरणाऱ्या पुस्तकात खुणा पेन्सिलनंच करा, आणि पानाला चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या महिनोन् महिने ठेवू नका, त्यांचा चिकटा कागदावर राहतो आणि धूळ धरतो. साधी कागदाची पट्टी बरी. स्वस्त कागदात लिग्निन असतं, उजेड लागला की तो पिवळा पडून कडक होतो, म्हणून कपाट उन्हात नको. दमट भिंतीला टेकूनही नको, बुरशी आणि कसर दोन्ही तिथूनच सुरू होतात.

फाईली सांभाळायच्या कशा

कुलूप नसलेली ईबुकं घेतली असतील तर ती दुकानाच्या अकाउंटवर ठेवून निवांत बसू नका, घेतल्या दिवशीच उतरवून घ्या. ॲमेझॉनवर पूर्वी किंडलचं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं टाकायची सोय होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे आज असलेली वाट उद्या असेलच असं नाही. लावून ठेवायला कॅलिबर हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरा, कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं, त्यात लेखकाप्रमाणे यादी होते आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलताही येतं. हायलाइट्सची कॉपीही अधूनमधून काढा. किंडल कॉम्प्युटरला जोडलं की 'माय क्लिपिंग्ज' नावाची साधी टेक्स्ट फाईल दिसते, डिव्हाइसवर केलेल्या खुणा आणि नोट्स तिच्यात असतात.

अकाउंटवरची पुस्तकं वारसानं मिळतीलच असंही धरू नका. ॲपलमध्ये आपल्या पश्चात डेटा कोणाला मिळावा ते ठरवता येतं, पण विकत घेतलेली पुस्तकं, गाणी, सिनेमे त्यात येत नाहीत. कुलूप नसलेल्या फाईली मात्र घरातल्या माणसाला निदान सापडतील आणि उघडतील, तेव्हा त्या कुठे आहेत ते कोणाला तरी सांगून ठेवा. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या ड्राईव्हवर, आणि वर्षातून एकदा त्यातली चार-पाच पुस्तकं खरंच उघडून बघा, एखादी फाईल बिघडली असेल तर दुकान चालू आहे तोवर ती परत उतरवून घेता येते.